कोळंबीची सालं घेऊन येणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडम भाजीबाजारात गेल्या की सगळ्यात खराब भाजी मागायच्या. अंधेरी स्टेशनबाहेरचा भाजीवाला आधी त्यांच्याशी भांडायचा, मग हसायला लागला, आणि मी तिसऱ्या वर्षाला पोचेपर्यंत तो डाग पडलेली पानं, पांढरी बुरशी धरलेली वांगी आणि काळ्या पडलेल्या शेंगा त्यांच्यासाठी वेगळ्या पिशवीत बाजूला ठेवू लागला होता. मॅडम तिथेच रस्त्यावर उभ्या राहून एकेक पान उन्हात धरायच्या. एखाद्या पानावरचे डाग टाचणीच्या डोक्याएवढे असले आणि तेवढ्यावरच थांबलेले असले, की त्यांचा चेहरा उजळायचा.

"हा डाग बुरशीचा नाय," त्या मला म्हणायच्या. "हा पानाचा हाय. पानाने आपल्याच चार पेशी मारल्या आणि तिची वाट बंद केली. बघ कशी हद्द आखलीय."

मी मान हलवायची. तेव्हा मी बहुतेक गोष्टींना मानच हलवायची.

मॅडम आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, तेही तात्पुरत्या नेमणुकीवर, वर्षावर्षाच्या. मूळच्या मढच्या कोळीवाड्यातल्या, आणि राहायलाही तिथेच. सकाळी होडीने वर्सोव्याला उतरायच्या, तिथून बसने कॉलेजला. होडीतून उतरताना पाय भिजतात म्हणून साडी चार बोटं वर नेसलेली आणि पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट, जे पांढरे मी कधीच पाहिले नाहीत. त्यांची आई मासे सुकवायची आणि मालाडच्या बाजारात विकायला बसायची. हे मॅडम कोणी न विचारता सांगायच्या आणि सांगून झाल्यावर समोरच्याचा चेहरा बघत थांबायच्या. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असे. त्या तिच्यावर आपली पिशवी ठेवायच्या, जणू खुर्ची पिशवीसाठीच होती.

वर्गात त्यांचं इंग्रजी स्वच्छ, छोट्या छोट्या वाक्यांचं. चिडल्या की मात्र थेट कोळीवाड्यात. एकदा झाडांच्या रोगांचा तास चालू असताना एक मुलगी सहज म्हणाली की बुरशी आली की बिचारं झाड काय करणार. मॅडमनी खडू खाली ठेवला.

"बिचारं कोण? तुझ्या अंगावर कुत्रा आला तर तू पळशील. ह्याला पळता येत नाय. हवेत बुरशी, मातीत बुरशी, पाण्यात बुरशी. आणि तरी रस्त्यावर बघ, सगळा हिरवा. कसा राहिला? कोण राखतंय त्याला, तुझा बाप?"

मग त्यांनी सगळ्यांना पुस्तक उघडायला लावलं. त्यात एक वाक्य होतं, की वनस्पतींना प्राण्यांसारखी प्रतिकारशक्ती नसते, त्यांचं रक्षण औषध फवारून करावं लागतं. ते वाक्य त्यांनी आम्हाला खोडायला सांगितलं. मी पेन उघडलं, तर म्हणाल्या, पेन्सिलने. पेनने खोडण्याएवढी आपली लायकी अजून झालेली नाही.

मला वाटतं, मी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्या पेन्सिलमुळे.

मी इंग्रजी माध्यमात शिकलेली. घरी आई मालवणी बोलायची, बाबा मुंबईचं मराठी, आणि मी शाळेतून आणलेलं काहीतरी, ज्याला घरात कोणी उत्तर द्यायचं नाही. वर्गात बोलायची वेळ आली की वाक्य आधी मनात तीनदा लिहायची. तोवर दुसरं कोणीतरी बोलून मोकळं व्हायचं. हे मॅडमच्या लक्षात आलं होतं. त्यावर त्यांनी मला कधी समजावलं नाही, धीर दिला नाही. त्यांचा एकच नियम होता, सगळ्यांना असला तरी माझ्यावर जास्त चालायचा: आज जे शिकलीस ते घरी जाऊन आईला सांग. तिला कळलं नाही तर तुला कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारायच्या, आई काय म्हणाली? आणि मी खोटं बोलले तर त्यांना कळायचं, कारण खोट्या आया कधीच उलटा प्रश्न विचारत नाहीत.

शनिवारी त्या शहरातल्या एका वाचनालयात जाऊन परदेशी नियतकालिकांतले लेख वहीत हाताने उतरवून आणायच्या. त्या वर्षांत या विषयात सारखं काहीतरी नवं निघत होतं. झाडाच्या पेशीला बुरशीची चाहूल लागली की तिच्यातले काही जीन, जे एरवी गप्प असतात, काही तासांत जागे होतात आणि त्यांच्या हुकमाने बुरशीला मारक अशी द्रव्यं तयार व्हायला लागतात. मी विचारलं, ते जीन आधी कुठे असतात? हा मी त्यांना आपणहून विचारलेला पहिला प्रश्न.

"तिथंच. प्रत्येक पेशीत. पावसाळ्यात आमच्या होड्या कशा वर ओढून शाकारून ठेवतात? होडी हायच, पण झाकलेली. इथं फरक एवढाच, की ह्यांना होडी उघडायला नारळी पौर्णिमा लागत नाय. शत्रू आला की उघडली."

मग त्या म्हणाल्या, की आपल्या कॉलेजात आपल्याला जीन दिसणार नाही. त्याने केलेलं काम दिसेल. आपण तेवढंच बघायचं आणि तेवढंच बोलायचं.

तिसऱ्या वर्षाला प्रत्येकीला एक छोटा प्रयोग स्वतः करून जर्नलमध्ये लिहावा लागायचा. त्या जर्नलवर विभागप्रमुखांची सही नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नसे, म्हणजे वर्ष गेलं. माझ्यासाठी त्या वर्षाला वजन होतं. बाबांची गिरणी संपानंतर बंद पडली ती पडलीच. ते अंधेरीच्या एका औषधांच्या कारखान्यात स्टोअरमध्ये लागले होते आणि तिथल्या प्रयोगशाळेत जूनपासून माझ्यासाठी जागा धरायला त्यांनी साहेबांना राजी केलं होतं. अट एकच, हातात डिग्री. ती जागा वर्षभर कोणी रिकामी ठेवणार नव्हतं.

मला मॅडमनी दिलेला प्रयोग असा. बुरशीच्या अंगावर जे कवच असतं, ते आणि कोळंबीचं साल एकाच जातीच्या पदार्थाचं. बुरशी वाटाण्याच्या शेंगेवर बसली की शेंग तिच्या कवचाचे तुकडे पाडते, आणि ते तुकडे ओळखून आपले जीन जागे करते. मग बुरशी नसतानाच शेंगेला कोळंबीच्या सालाचा अर्क दिला तर?

"तिने काय कोळंबी बघितलीय?" मॅडम म्हणाल्या. "वाटाणा कधी मढला आलाय? ती म्हणणार, आली बुरशी. आणि तयारीला लागणार. मग आपण खरी बुरशी सोडायची."

हे बोलताना त्या हसत होत्या. कुणाची तरी खोडी काढायला निघालेल्या मुलीसारख्या.

सालं त्यांनी मढहून आणली. त्यांची आई सोडे करायची. कोळंबी सोलून सुकवल्यावर जी सालं आणि डोकी उरतात, ती एका जुन्या डालड्याच्या डब्यात भरून. तो डबा पहिल्यांदा विभागात उघडला त्या दिवशी सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, केबिनमधून उठून एक उदबत्ती लावली. दुसऱ्या दिवशी दोन. त्यानंतर सालांतून चिटोसॅन नावाचं द्रव्य काढायला ती कॉस्टिक सोड्यात तासन्‌तास उकळायची होती, आणि त्या वासाला कुठलीच उदबत्ती पुरली नसती, म्हणून आम्ही स्टोव्ह गच्चीवर नेला. मी ढवळत होते, मॅडम वारा कुठून येतोय ते बघत होत्या. वारा प्राचार्यांच्या खिडकीकडे गेला.

खाली गेल्यावर सर आवाज न चढवता म्हणाले, हा वनस्पतिशास्त्राचा विभाग आहे. मॅडम म्हणाल्या, म्हणूनच वाटाणे पण आणलेत.

सरांबद्दल मला वाईट लिहायचं नाही. त्यांनी तो विभाग दोन कपाटांपासून उभा केला होता. त्यांचं अक्षर इतकं सुंदर की त्यांनी फळ्यावर काढलेली आकृती पुसायचं शिपायाच्या जिवावर यायचं. त्यांना सगळं स्वच्छ लागायचं. मॅडमना मात्र खरं लागायचं, आणि दोन्ही गोष्टी दरवेळी एका टेबलावर मावत नाहीत हे मला त्या वर्षी कळलं.

प्रयोग साधा होता. शेंग शिवणीवर उघडायची, दाणे चिमट्याने देठाशी उचलून काढायचे, शेंगेचे अर्धे भाग काचेच्या बशीत ओल्या कागदावर मांडायचे आणि आतल्या बाजूवर थेंब ठेवायचा. काहींवर कोळंबीच्या अर्काचा, अगदी पातळ केलेला. काहींवर नुसतं पाणी, म्हणजे तुलनेसाठीचा कंट्रोल. काही शेंगा आधी उकळत्या पाण्यात बुडवून मारायच्या आणि त्यांच्यावरही कोळंबीचा थेंब, म्हणजे काम थेंब करतो की जिवंत शेंग ते कळेल. मग सगळ्यांवर वाटाण्याची नेहमीची बुरशी सोडायची आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं.

कोळंबीच्या शेंगांवर बुरशी जिथे ठेवली तिथेच बसून होती. उकळलेल्या शेंगांवर तोच थेंब असून ती मोकाट वाढली होती. इथे मी आयुष्यात पहिल्यांदा प्रयोगशाळेत मोठ्याने हसले. मग पाण्याची बशी काढली. पाण्याच्या शेंगांवर बुरशी सगळीकडे वाढायला हवी होती. ती अर्ध्या शेंगांवर वाढली होती. अर्ध्यांवर नाही.

सर मागे येऊन उभे होते. त्यांनी बघितलं आणि फक्त म्हणाले, कंट्रोलच बिघडला, मग प्रयोग कशाचा? त्यांचं बरोबर होतं. मॅडमनी बश्या झाकल्या. जाताना मला विचारलं, आईला सांगितलंस?

नव्हतं सांगितलं. त्या संध्याकाळी आई खाली बसून उसळीसाठी मटार सोलत होती. मी समोर बसले आणि शेंगा, जीन, बुरशी, सगळं माझ्या मोडक्या मराठीत सांगितलं. मधे मधे इंग्रजी शब्द आला की आई थांबवायची, ता काय? मग मी दुसरा शब्द शोधायची. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे वाटाण्याक कळता, कोणतरी इलो म्हणान?"

असं विचारताना तिचा हात चालूच होता. शेंग दाबली, फट झाली, अंगठा वरून खाली एका झटक्यात, दाणे ताटात. अंगठ्याच्या नखाने शेंगेच्या आतल्या चकचकीत अस्तरावर एक सरळ रेघ ओढली गेली.

मी माझा अंगठा बघितला. लहानपणापासून तिच्यासमोर बसून मीही असेच मटार सोलले होते. त्या दिवशी कोळंबीच्या शेंगा उघडताना मॅडम शेजारी उभ्या होत्या, म्हणून माझ्या हातात चिमटा होता. मग त्या तासाला गेल्या. पाण्याच्या शेंगा मी एकटीने उघडल्या. सुरुवातीला चिमट्याने, आणि पुढची घंटा व्हायला आली तसं, कळायच्या आत, आईसारखं.

दुसऱ्या दिवशी हे सांगायला मी सगळं वाक्य पाठ करून गेले. मला वाटलं मॅडम ओरडतील. त्या खुर्चीतून उठल्याच.

"नखाला पण ती शत्रू समजली?"

"कदाचित," मी म्हटलं.

"कदाचित. बरोबर. मग आता तेच करून बघ. मुद्दाम."

आम्ही सगळा प्रयोग पुन्हा केला, आणि कोळंबीच्या व उकळलेल्या शेंगांवर पहिल्यासारखंच दिसलं. पाण्याच्या मात्र दोन बश्या, एकीतल्या शेंगा चिमट्याने सोललेल्या, दुसरीतल्या अंगठ्याने. चिमट्याच्या शेंगांवर बुरशी सगळीकडे वाढली. अंगठ्याच्या शेंगांवर पुन्हा बऱ्याच ठिकाणी अडली. मॅडम म्हणाल्या, लिही. मी विचारलं, काय काय लिहू? त्या म्हणाल्या, "तुझा अंगठा लिही. पहिल्यांदा चुकून, दुसऱ्यांदा जाणून. आणि सालं कोणाच्या घरची ते पण लिही."

पुढच्या जूनमध्ये मॅडमची नेमणूक पुन्हा झाली नाही. कारण कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही, असं मी ऐकलं. त्या आता दुसऱ्या एका कॉलेजात शिकवतात. मला पत्ता माहीत आहे. मी अजून गेलेले नाही, कारण गेले की पहिला प्रश्न आईबद्दलच असणार आणि सध्या आईला सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नसतं. कारखान्यात आम्ही गोळ्या मोजतो.

पण ते पान लिहिलं तेव्हा जून दूर होता. फेब्रुवारीच्या शेवटी मी जर्नल सरांकडे सहीला नेलं. त्यांनी ते सगळं वाचलं, खरंच वाचलं, शब्दन्‌शब्द. मग मला बसायला सांगितलं. म्हणाले, दुसरा प्रयोग चांगला आहे, तोच ठेव. पहिल्याची पानं काढून टाक, आणि दुसऱ्यातलाही तो अंगठ्याचा भाग. आणि कोळंबीच्या सालांच्या जागी चिटोसॅन लिही, प्रयोगशाळेच्या बाटलीतलं. पदार्थ तोच ना?

मी हात पुढे करून जर्नल परत घेतलं.

"बाळ, जर्नल म्हणजे कबुलीजबाब नव्हे," ते मायेने म्हणाले. "बाहेरून परीक्षक येणार. तो काय म्हणेल? ह्या कॉलेजात मुली मटार सोलतात आणि मासळी उकळतात."

शनिवारपर्यंत मुदत होती. पानं काढली की सही.

मी मॅडमकडे गेले. मला वाटलं होतं, त्या उसळतील, जर्नल उचलून केबिनमध्ये घुसतील. त्या काचेच्या बश्या धूत होत्या. धूतच राहिल्या.

"फाड," त्या म्हणाल्या.

मला ऐकू आलं नाही असं वाटून मी तिथेच उभी राहिले.

"फाड म्हटलं ना. बाटलीतलं लिही. त्यांचा राग तुझ्यावर नाय, माझ्यावर हाय. माझी लढाई तुझ्या वर्षावर नाय लढायची. सही घे, परीक्षा दे, नोकरीला लाग. जा बाय."

त्या वेळी त्यांचा मला जेवढा राग आला तेवढा सरांचाही आला नव्हता. पुस्तकातलं वाक्य खोडायला लावणारी बाई मला माझं स्वतःचं वाक्य फाडायला सांगत होती, आणि तेही माझ्या भल्यासाठी. मी दोन दिवस ती पानं उघडून बघितली. त्यांत एकही वाक्य असं सापडलं नाही जे घडलं नव्हतं.

शनिवारी सरांच्या टेबलावर मी जर्नल ठेवलं, सगळ्या पानांसकट. वाक्य मनात तीनदा लिहून नेलं होतं, ते आत शिरताच विसरले. मी एवढंच म्हणू शकले की पहिला बिघडला म्हणून दुसरा केला. पहिलं पान काढलं तर दुसरा का केला ते कळणार नाही.

"आणि कोळंबी?" सरांनी विचारलं.

"कोळंबी होती, सर."

"सही मिळणार नाही."

"मग मी बसणार नाही परीक्षेला."

 सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी मला सोमवारी यायला सांगितलं आणि जर्नल ठेवून घेतलं.

रविवारी मी घरी काही बोलले नाही. बाबांनी साहेबांना भेटायला जाताना कुठला ड्रेस घालशील असं विचारलं. मी निळा म्हटलं. नोकरी गेली तर ते मला ओरडणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि तेच जास्त कठीण होतं. दुपारी एकदा मी ब्लेड हातात घेतलं सुद्धा, पण जर्नल सरांकडे होतं.

सोमवारी ते त्यांच्या टेबलाच्या कडेला पडलं होतं. सर दुसरं काहीतरी लिहीत होते, त्यांनी वर बघितलं नाही. मी उघडलं. पहिल्या पानावर सही होती. अंगठ्याच्या पानावर, समासात, त्यांच्या त्या देखण्या अक्षरात इंग्रजीत शेरा होता: विद्यार्थिनीच्या आग्रहावरून ठेवले.

"परीक्षकाने विचारलं तर उत्तर तू द्यायचं," ते लिहितालिहिता म्हणाले. "मी मधे येणार नाही. त्याही येणार नाहीत."

मी हो म्हटलं आणि धावतच प्रयोगशाळेत गेले.

मॅडमनी शेरा दोनदा वाचला. शाबास म्हणाल्या नाहीत.

"मी फाड सांगितलेलं."

"हो, मॅडम."

"ऐकलं नायस."

"नाही."

त्यांनी एक स्टूल ओढलं, परीक्षक बसतो तशा बसल्या आणि मला टेबलाच्या पलीकडे उभं केलं. पाण्याच्या अर्ध्याच शेंगांवर बुरशी का वाढली, अर्क पातळ का केला, शेंग उकळली कशासाठी, एकामागून एक विचारत सुटल्या. मी उत्तरं दिली. मग त्यांनी विचारलं, नख लागल्यावर शेंगेने जे जीन उघडले, ते बुरशी आल्यावर ती उघडते तेच कशावरून?

मी पुटपुटले, की तेच असावेत, पण आम्ही जीन पाहिलेले नाहीत, त्यामुळे माहीत नाही.

"ऐकू नाय आलं."

"माहीत नाही, मॅडम."

"माहीत नाय तर चोरी केल्यासारखं काय बोलतेस? माहीत नाय हे पण ताठ उभं राहून सांगायचं असतं. परत."

मी परत सांगितलं. त्यांनी आणखी एकदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा माझा आवाज पॅसेजच्या टोकापर्यंत गेला असावा, कारण पलीकडे सरांनी केबिनचं दार लावून घेतल्याचं ऐकू आलं. मॅडम उठल्या, त्यांनी आमच्या प्रयोगशाळेचं दार सताड उघडलं आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "आता सांग."